काजळीच्या पाच काचा

श्रावण, तुझ्या शोकसभेच्या पत्रकात मी ‘भव्य’ असं लिहिलं.

मुद्दाम नाही लिहिलं. सुजातानं माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, "काका, मजकूर तुम्हीच लिहा. बाबा म्हणायचे, शब्दांचं काम दिनकरचं." तुझी पोरगी ती, चाळीस पोरांना धाकात ठेवणारी शिक्षिका, पण त्या दिवशी तिचा आवाज पहिलीतल्या पोरीसारखा झाला होता. मी चष्मा लावला, पेन झटकलं, आणि इतक्या वर्षांची सवय हाताला ओढून घेऊन गेली. आपल्या पब्लिसिटीच्या कचेरीतून बाहेर पडणारा प्रत्येक मजकूर ‘भव्य’नंच सुरू व्हायचा. भव्य सेल, भव्य उद्घाटन, कुस्त्यांची भव्य दंगल. तशीच ही ‘भव्य शोकसभा’. खाली विहाराचा पत्ता, रविवार, दुपारी चार. आणि अगदी शेवटी, अधोरेखित करून, ‘सहकुटुंब अवश्य या’.

सुजातानं वाचलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "काका, ‘भव्य’ काढा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘भव्य’ खोडलं. ती म्हणाली, "‘सहकुटुंब’ पण." तेही खोडलं. मग तिला एकदम हसू फुटलं आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. "बाबा असते तर अजून खोडलं असतं," म्हणाली. मग आम्ही दोघं मिळून खोडत बसलो. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ गेलं. ‘सुप्रसिद्ध’ गेलं. शेवटी उरलं ते एवढंच: श्रावण पेंटर गेले. रविवारी चारला विहारात.

तुझ्या मापाचं झालं बघ. काचेवर बसलं असतं.

हेच तर आपलं भांडण होतं, नाही का? मी पसरायचं आणि तू छाटायचं. महाल भागात, भांड्यांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्या दिवशी आलो तेव्हा काखेत बी.ए.चं प्रमाणपत्र होतं आणि पिशवीत कवितांची वही. खाली कासार पातेल्यांवर ठोके घालत होते, वर टर्पेंटाइनचा वास भरला होता, आणि खिडकीशी तू भिंग डोळ्याला लावून, पोस्टकार्डाच्या निम्म्याहून लहान काचेवर दोन केसांच्या ब्रशनं अक्षरं काढत होतास. मान वर न करता विचारलंस,

"कवी हायेस का गा?"

"थोडाफार."

"थोडाफारच ठीक हाय. काच लहान हाय."

त्या दिवसापासून तू मला ‘कवी’च म्हणालास. लोकांपुढे म्हणालास, बायकोपुढे म्हणालास, आणि मी एकही कविता छापून न आणता म्हातारा होत चाललो तरी म्हणतच राहिलास. माझ्यावर एवढा विश्वास दुसऱ्या कोणी टाकला नाही.

आता पोरांना सांगावं लागतं की टॉकीजमध्ये पिक्चर सुरू व्हायच्या आधी आणि इंटरवलमध्ये पडद्यावर काचेच्या स्लाइडा लागायच्या. साडीचं दुकान, दंतमंजन, संत्र्याचं सरबत, चष्मेवाला. त्या काचा आपण करायचो. मजकूर मी, रंग तू, आणि वर काचेच्या पार्टिशनमागे बसून घंटी वाजवायला मालक बापूसाहेब. नागपुरातल्या पाच टॉकीजमध्ये आपल्या स्लाइडा चालायच्या आणि दर शुक्रवारी नवा पिक्चर लागला की नव्या काचा खोक्यात भरून तू सायकलवर वाटत फिरायचास. ऑपरेटर लोक तुला ‘पेंटरभाऊ’ म्हणायचे. मला ते ओळखतसुद्धा नव्हते.

त्या साडीवाल्याची स्लाइड आठवते? मी लिहिलं होतं, ‘सौंदर्यवतींच्या मनातील इंद्रधनुष्य प्रत्यक्षात उतरविणारे विदर्भातील एकमेव विश्वसनीय दालन’, आणि खाली मालाची यादी आणि बर्डी बाजारातला पत्ता. एका रात्रीची नव्हे, दोन दिवसांची मेहनत होती ती. तू कागद वाचलास, भिंग पुसलंस आणि काचेवर काढलंस: ‘साड्या. बर्डी.’ एका कडेला पदराची एक लाल लाट. बापूसाहेबांनी घंटी मोडेस्तोवर वाजवली. "गिऱ्हाइकानं चोवीस शब्दांचा मजकूर पास केला आणि तुम्ही दोन दाखवता?" तू शांतपणे म्हणालास, "साहेब, स्लाइड पडद्यावर जेवढा वेळ राह्यते, तेवढ्यात माणूस शेंगदाण्याची पुडी सोडते. दोनच शब्द वाचते तो." आणि पुढच्या आठवड्यात तो साडीवाला पेढे घेऊन आला. पेढे बापूसाहेबांना दिले, ‘मजकूर फार छान’ असं मला म्हणाला, आणि तुझ्याकडे बघितलंही नाही. तू माझ्या हातातला पेढा अर्धा मोडून घेतलास. "दोनांतला एक शब्द तुहा," म्हणालास. "बर्डी."

मी त्यावर अजूनही भांडायला तयार आहे, श्रावण. इंद्रधनुष्य ठेवायला हवं होतं.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तुला ती माहीत आहे. वीस वर्षं तू तिच्याबद्दल दोनच शब्दांत विचारत राहिलास.

एका दंतमंजनवाल्यानं तक्रार केली होती, की आमची स्लाइड टॉकीजवाले लावतच नाहीत. तेव्हापासून बापूसाहेबांनी ‘चेकिंग’ सुरू केलं. म्हणजे कचेरीतल्या कोणीतरी आळीपाळीनं टॉकीजमध्ये जाऊन बसायचं, आपली स्लाइड लागली की नाही हे डोळ्यांनी बघायचं, आणि रजिस्टरमध्ये शेरा लिहून सही करायची. ऐकायला गंमत वाटते, फुकट पिक्चर! पण इंटरवल बघून दुसऱ्या टॉकीजकडे पळायचं असायचं. मी शेकडो पिक्चर मध्येच सोडले. कोणाचं लग्न झालं, कोण मेलं, मला आजतागायत माहीत नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थानं सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा रोज टॉकीजमध्ये असतो." स्थळ मोडता मोडता वाचलं.

मग माझ्या लक्षात आलं, की शेरा लिहायला टॉकीजमध्ये जावंच लागतं असं नाही. काचा तू पोचवलेल्या, ऑपरेटर तुझे दोस्त, स्लाइड लागणारच. मग मी महाराजबागेत, एका चिंचेखालच्या बाकावर बसायला लागलो. पिशवीत रजिस्टर, रजिस्टराखाली नाटकाची वही. तीन अंकी नाटक लिहीत होतो मी. आणि शेऱ्याच्या रकान्यातही माझ्यातला लेखक गप्प बसायचा नाही. ‘स्लाइड वेळेवर व स्पष्ट.’ ‘प्रेक्षकांनी उत्सुकतेने पाहिली.’ एकदा तर मी ‘पुढच्या रांगेतील महिलांत कुजबुज’ असं लिहिलं होतं. बापूसाहेब खूश झाले होते.

त्या गुरुवारीही मी तिथंच होतो. दुसरा अंक चालू होता. नायिका दार उघडून आत येत नव्हती. मी तिला आत आणायच्या खटपटीत होतो, आणि घरी कमलला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी.

शेजारच्या बाईनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि कचेरीत निरोप धाडला. बापूसाहेब कामठीला गेले होते. निरोप तुझ्या हातात पडला. तू भिंतीवरचा तक्ता पाहिलास: दिनकर, चेकिंग, पाची टॉकीज. मी त्या वेळी कुठल्या टॉकीजमध्ये असेन ते तुला कसं कळणार? तू पाच कोऱ्या काचा घेतल्यास. कंदील पेटवलास, दिवसाढवळ्या. काचा एकेक करून ज्योतीवर धरल्यास, काजळी धरवलीस, आणि सुईनं त्या काजळीवर अक्षरं कोरलीस. टॉकीजमध्ये कोणाला तातडीनं बोलवायचं असलं की ऑपरेटर तसंच करायचे, ‘अमुक डॉक्टर, बाहेर या’. पण तू ‘दवाखाना’ लिहिलं नाहीस. अंधारात एकट्या बसलेल्या माणसानं पडद्यावर तो शब्द वाचला तर त्याचे पाय जातील, असं तुला वाटलं. नुसतं ‘दिनकर’ही लिहिलं नाहीस, कारण नागपुरात दिनकर ढिगानं. तू लिहिलंस:

‘दिनकर, कमल वाट पाहते. ये.’

माझ्याविषयी लिहिलेला सगळ्यात चांगला मजकूर तो. आणि तो मी वाचला नाही.

तू सायकल हाणत निघालास. महाल, इतवारी, बर्डी, स्टेशनकडची आणि शेवटी सदर. प्रत्येक ठिकाणी ऑपरेटरला काच दिलीस, त्यानं चालू पिक्चरवर ती लावली, आणि तू दारापाशी उभा राहून बाहेर येणाऱ्या माणसाची वाट पाहिलीस. पब्लिकला काय माहीत कोण कमल आणि काय भानगड! पाचही टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. इतवारीत तर कोणीतरी ओरडलं, "अबे दिनकर, जा ना बे! कायले बसून राहिला?" एक खरोखरचा दिनकर उठून बाहेरही आला म्हणे, घाबराघुबरा. त्याच्या बायकोचं नाव कमल नव्हतं. मग कोणाचं होतं ते त्यानं सांगितलं नाही.

सदरच्या टॉकीजमधूनही मी बाहेर आलो नाही तेव्हा तुला कळलं.

तू दवाखान्यात गेलास. तिथं कमल स्ट्रेचरवर होती. पोट उघडावं लागेल असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या, आणि कागदावर सहीसाठी घरच्या माणसाला शोधत होत्या. शेजारीण म्हणत होती, मी कशी करू सही. पुढचं मला कमलनंच सांगितलं, तिला अर्धवट शुद्ध होती. तू काळ्या हातांनी पेन घेतलंस. नर्सनं विचारलं, नातं काय? तू म्हणालास, भाऊ. तिनं सहीकडे पाहिलं, मग बाईच्या नावाकडे.

"आडनाव तर वेगळं आहे."

तू म्हणालास, "लग्न झालं न तिचं."

कमल म्हणते, तेवढ्या दुखण्यातही तिला हसू आलं. सही चालून गेली. कागदावर काजळीचा अंगठा उमटला तो निराळाच. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, अजून अर्धा तास गेला असता तर दोघींपैकी एकीचंच सांगता आलं असतं.

आणि मी? मी साडेसहाला, नायिकेला एकदाची आत आणून, शीळ घालत कचेरीचा जिना चढलो. रजिस्टर टेबलावर ठेवलं. पाच सह्या, पाच शेरे. तू खिडकीशी बसला होतास. कोपरापर्यंत काळा.

"कोण्या टॉकीजमधून येऊन राहिला गा?"

"पाची केल्या."

"इतवारीत काय दिसलं?"

"आपली स्लाइड. दुसरं काय दिसते?"

तू रजिस्टर उघडलंस. इतवारीचा शेरा वाचलास. मी लिहिलं होतं, ‘प्रेक्षक शांत.’ रजिस्टर मिटलंस. मला वाटलं, आता तू मला मारशील. तू म्हणालास, "कमलवहिनी दवाखान्यात हाय. पोरगी झाली तुले. दोघी बऱ्या हायेत. चाल, बस मागं."

सायकलच्या कॅरिअरवर बसून मी सगळं ऐकलं. काचा, टॉकीज, शिट्ट्या, सही. तू मागं वळून पाहत नव्हतास. झुलत्या पुलासारखं माझं काळीज हलत होतं, असं त्या काळात मी लिहिलं असतं. तू ते खोडलं असतंस. खरं एवढंच, की मी तुझा शर्ट मागून घट्ट धरला होता. दवाखान्याच्या दारात तू सायकल लावलीस आणि एकच वाक्य बोललास, तेही स्वतःवरच रागावून. "मी आधी इकडं यायले पायजे होतं. तुले शोधत बसलो न."

कमलनं डोळे उघडले. मला पाहिलं. "कुठी होते हो?"

मी पाळण्याकडे पाहायला लागलो. मी, शब्दांचा माणूस! तू माझ्या मागून म्हणालास, "टॉकीजमधी होता, बाई. गर्दी लय, दारं लावून घेतलेली. चालू खेळात सोडत नाहीत." वहिनीची ‘बाई’, म्हणजे बहीण, तू तेव्हाच केलीस. पुढं कधी बदललं नाहीस.

बाहेर आल्यावर मी तुझे हात धरले. तू सोडवून घेतलेस. म्हणालास, "कवी, हे पाय. खोटं बोलणार नाही, असं मी रोज सकाळी पंचशीलात म्हणतो. छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षाभूमीवर उभा होतो, तवापासून म्हणून राहिलो. आज तुह्यापायी मोडलं. ते माह्यानं आता दुरुस्त होत नाही. तूच करशीन. ती बरी झाली का सांगून दे तिले."

"सांगतो," मी म्हणालो.

ते सांगणं राहिलं, श्रावण. आधी भीती होती. मग ती ओली बाळंतीण. मग पोरीचं बारसं. आणि तोवर कमलनंच त्या गोष्टीला पाय फोडले होते. बारशाला, मुंजीला, लग्नात, कुठंही चार बायका जमल्या की सुरू. "आमच्या ह्यांचं काम असं, बाई, पोरगी झाली तवाही टॉकीजमधी कोंडलेले! जीव तुटत होता, पण दार उघडीन तर!" जीव तुटत होता हे तिनं आपल्या पदरचं घातलं. मग तुझ्या सहीचा किस्सा, मग हशा. त्या गोष्टीत मी कर्तव्यदक्ष होतो, बिचारा होतो, आणि तिच्याकडे धाव घेत होतो. तिला तो माणूस आवडायचा. मलाही आवडायला लागला होता. त्याला मी कसा मारणार?

तू तेव्हा खाली मान घालून जेवत असायचास. भाऊबीजेला तू यायचास. पहिल्या वर्षी कमल ताट घेऊन उभी राहिली तर म्हणालास, "बाई, आम्ही ओवाळून घेत नाही. जेवायले मात्र पक्का येईन." तेव्हापासून ती त्या दिवशी निरांजन लावायची नाही, नुसतं पान मांडायची आणि समोर बसून वाढायची. पानावरून उठताना, हात धुता धुता, तू मला मोरीपाशी गाठून विचारायचास,

"सांगितलं का?"

"सांगतो न गा."

एका वर्षी मी चिडलो. म्हटलं, "तुले काय करायचं हाय? तिचं चांगलं चाललं, माहं चांगलं चाललं. दोन शब्दांसाठी काहून संसारात काडी घालतो?" तू हात पुसलेस. म्हणालास, "तुह्या संसाराची गोष्ट नाही. ती मले दर साली समोर बसून वाढते, आन् मी तिच्याशी एकदा खोटं बोललो हे मले मालूम हाय, तिले नाही. भाजी गोड लागत नाही गा."

मी सुपारीचा डबा पुढं केला.

मग टीव्ही आला. लोक घरीच जाहिराती बघायला लागले, टॉकीजवाल्यांना कंपन्यांची रिळंच यायला लागली, रंगीत, बोलणारी. आपल्या काचा खोक्यात राहिल्या. बापूसाहेबांनी होर्डिंगचं काम धरलं, मी ‘भव्य’ लिहीत राहिलो, आणि तू घरी बसून नंबर प्लेटी आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलास. तुझ्या पाट्या मी रस्त्यात ओळखतो अजून. ‘दवाखाना’ लिहितानासुद्धा तुझं अक्षर माणसाला घाबरवत नाही. परवा धरमपेठेत एका किराणा दुकानापुढे मी असा उभा राहिलो, की दुकानदार म्हणाला, "काय पाहिजे?" आता त्याला काय सांगू, काय पाहिजे ते.

आपण शेवटचे भेटलो ते तुझ्या घरी, तू दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात. छातीच्या दुखण्यानं तू निम्मा झाला होतास. सुजातानं चहा आणला. ती आत गेल्यावर तू भुवया उंचावल्यास. ते दोन शब्दही बोलवत नव्हते तुला. मी म्हटलं, "ह्या रविवारी नक्की." तू हसलास. म्हणालास, "आता सांगूनच ये गा."

मी ते धरून बसलो. पळपुट्या माणसाला कारण हवं असतं, ते तू नकळत दिलंस. सांगून जायचं, म्हणजे सांगेपर्यंत जायचं नाही. कमल रोज दुपारी तुझ्यासाठी मऊ भात आणि वरण डब्यात घेऊन जायची. "चलता का?" विचारायची. मी होर्डिंगचं काम सांगायचो. तीनदा मी एकटा दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो. एकदा मोसंबीही घेतली होती. फाटकाशी उभा राहून मनात मजकूर जुळवायचो: कमल, तुला एक सांगायचं होतं. कमल, फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कमल, ऐकतेस का. इतका लांबायचा तो, की भेटीची वेळ संपायची. मोसंबी मी घरी आणली. तिनं रस काढला आणि डब्यातून तुलाच आणला. तेवढा माझ्याकडून पोचला असं धरून चाल.

मंगळवारी सकाळी सुजाताचा निरोप आला.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. कमल पुढच्या सतरंजीवर बसली होती. मी ठरवून गेलो होतो, इथंच सांगायचं, सगळ्यांपुढे. उभा राहिलो. ‘साड्या. बर्डी.’ची गोष्ट सांगितली. लोक हसले, डोळे पुसले. बसलो. भंतेजींनी पंचशील म्हणायला सुरुवात केली, सगळे मागून म्हणायला लागले. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं तेव्हा माझे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

म्हणून हे तुला लिहिलं, श्रावण. तुला लिहिणं सोपं, तुला सगळं ठाऊक आहे. आज सकाळी कमल ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. ‘भव्य’ला ती हसली. महाराजबागेपाशी तिचे हात थांबले. मी वर पाहिलं नाही. इतवारीतल्या शिट्ट्या, सही, सायकल, मोरीपाशी तुझं विचारणं, फाटक, मोसंबी, सगळं वाचलं. एक शब्द खोडला नाही. वाचून झालं तरी मी कागदातच बघत होतो. मला वाटलं, ती उठून आत जाईल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

टोपलीत एक शेंग पडली.

कमल म्हणाली, "मी डबा घेऊन गेली का भाऊ सारखा दाराकडे पाहे. मले वाटे, सुजाताची वाट पाहून राहिला. मी म्हणे, ‘भाऊ, येईन, शाळा सुटली का येईन ती.’ तो नुसता हासे."